पट १०० की १०१? सरकारी शाळेचं रिपोर्ट कार्ड असं वाचा

बेळगाव-खानापूर भागात सरकारी मराठी शाळेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पट किती? त्या पटावर शाळेला पैसे किती मिळतात, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ आकडी यू-डायस कोड असतो. कर्नाटकातला कोड २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातला २७ ने, गोव्यातला ३० ने. ‘नो युवर स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर हा कोड टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं. आधी वर्ष बघा, कारण माहिती बहुधा चालू वर्षाची नसते. एकाच आवारात कन्नड आणि मराठी शाळा भरत असतील तर कोड नेमका कुणाचा, हेही बघा.

विद्यार्थ्यांच्या माहितीत एक गफलत हमखास होते. ‘अल्पसंख्याक’ म्हणजे इथे मराठी भाषिक नव्हेत, तिथे धर्म मोजतात. मराठीची नोंद माध्यमाच्या ओळीत सापडते.

आता पैशाचं. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान मिळतं. वीजबिल, पाणी, खडू, डागडुजी, शैक्षणिक साहित्य हे सगळं त्यातूनच. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख, असा केंद्राचा निकष आहे. यातला किमान १० टक्के खर्च स्वच्छतेवर करायचा असतो.

म्हणजे १०१ मुलांची शाळा ५० हजारांत बसते. त्यातलं एक मूल कॉन्व्हेंटला गेलं की थेट २५ हजार! वर्गखोल्या तेवढ्याच, छप्पर तेवढंच, कौलं पावसाळ्यात तितकीच गळणार. ३१ वरून ३० वर आलेल्या शाळेचं तर १५ हजारांचं नुकसान. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या छोट्या शाळांना हा फरक जास्त झोंबतो. शिक्षकांचा पगार या अनुदानात येत नाही, त्यामुळे ‘एका मुलामागे सरकारचा खर्च एवढाच’ असा हिशेब यावरून मांडू नये.

शिक्षकांच्या आकड्यातही सरासरीवर जाऊ नका. समजा पहिली ते सातवीत १०४ मुलं आणि ४ शिक्षक आहेत. एका शिक्षकामागे २६ मुलं, कागदावर झकास! पण वर्ग सात आणि शिक्षक चार. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ आणि ९० पर्यंत ३ शिक्षक लागतात. सहावीपासून विज्ञान-गणित, समाजविज्ञान आणि भाषा यांना स्वतंत्र शिक्षक हवेत. त्यामुळे दोन्ही गटांची मोजणी वेगवेगळी करा. नेमणूक एका शाळेत आणि शिकवणं दुसरीकडे, असंही होतं, म्हणून कार्डावरची संख्या प्रत्यक्ष हजेरीशी जुळते का, ते बघावं.

अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवण्याचा अधिकार कायद्याने शाळा समितीला दिला आहे आणि तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कर्नाटकात हीच एसडीएमसी. पुढच्या बैठकीला जाताना कार्डाची प्रिंट न्या आणि मुख्याध्यापकांकडे शाळेचं बँक पासबुक मागा. पटानुसार किती यायला हवे होते, प्रत्यक्षात किती जमा झाले आणि कुठे खर्ची पडले, या तीन आकड्यांत फरक दिसला तर तो इतिवृत्तात लिहून घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा.