दरवाजा कोठे उघडतो

वसतिगृहाची चौकशी करताना पालक प्रथम खोलीच्या लांबीरुंदीविषयी विचारतात आणि त्यापाठोपाठ भाड्याविषयी. परंतु त्या खोलीत राहणाऱ्या मुलाची वा मुलीची पुढील वर्षे समाधानात जातील की मनस्तापात, हे ज्यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते, तो प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. त्या खोलीचा दरवाजा कोठे उघडतो, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच किती अपरिचितांशी गाठ पडते, हा तो प्रश्न होय.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात दोन धर्तींची वसतिगृहे होती. एका धर्तीत लांबलचक बोळाच्या दोन्ही अंगांस प्रत्येकी दोघांची अशा सतरा खोल्या, आणि त्या चौतीस जणांत मिळून न्हाणीघर व बैठकीचे दालन एकच. दुसऱ्या धर्तीत दोन-तीन शयनखोल्या, त्यांच्या मध्ये बैठकीची खोली आणि त्यांचे स्वतःचे न्हाणीघर, असा चार ते सहा जणांचा बिऱ्हाडवजा गाळा. अमेरिकेत यालाच सूट म्हणतात. माणशी जागा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच. तरीही अँड्र्यू बाम व स्टुअर्ट व्हॅलिन्स या मानसशास्त्रज्ञांनी तेथील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून असे दिसून आले की, बोळात राहणाऱ्यांना आपण गर्दीत कोंडलो आहोत असे सतत वाटे, आणि गाळ्यात राहणाऱ्यांना तसे क्वचितच वाटे. याहून लक्षणीय गोष्ट अशी की, प्रयोगशाळेत एखाद्या अनोळखी व्यक्तीसमवेत थोडा वेळ थांबण्यास सांगितले असता, बोळातले विद्यार्थी तिच्यापासून दूरची खुर्ची निवडीत आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहण्याचेही टाळीत. म्हणजे वसतिगृहात जडलेली वृत्ती वसतिगृहाबाहेरही त्यांची पाठ सोडीत नसे.

याचे कारण कळण्यास कठीण नाही. सकाळी खांद्यावर पंचा टाकून दात घासण्यास निघालेल्या मुलाला न्हाणीघरापर्यंतच्या त्या वाटेवर कोण भेटेल आणि कोणाशी बोलावे लागेल, याची मुखत्यारी त्याच्या हाती नसते. चौतीस माणसे ही मैत्री करण्यास फार आणि अनोळखी म्हणून दुर्लक्षावी तर कमी, अशी मोठी अडचणीची संख्या आहे. आपल्याकडील चाळीतही लांब गॅलरी असते, मग तेथे जिव्हाळा कसा नांदला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चाळीतली बिऱ्हाडे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहत, आणि दार लोटले की आत ज्याचे त्याचे कुटुंब असे. नऊ महिन्यांपुरत्या एकत्र आलेल्या अठरा वर्षांच्या मुलांपाशी यांपैकी काहीच नसते.

उपाय खर्चिकच असतो असेही नाही. पुढे १९८० साली बाम व त्यांच्या एका सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सुमारे चाळीस जणांच्या एका बोळाच्या मधल्या तीन खोल्या बैठकीसाठी मोकळ्या करून तेथे दरवाजे बसविण्यात आले, आणि एका जमावाचे वीस-वीसांचे दोन गट झाले. एवढ्याने गर्दीची तक्रार ओसरली आणि शेजाऱ्यांशी परिचय वाढला. उलटपक्षी, जागेची टंचाई पडली म्हणून दोघांच्या खोलीत तिसरी खाट टाकण्याचा जो शिरस्ता सर्वत्र आहे, त्यात दोघांचे सूत जमते आणि तिसरा एकटा पडतो, असे अभ्यासकांस वारंवार आढळले आहे. अर्ज भरणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

ऑक्सफर्ड व केंब्रिजमध्ये बोळाऐवजी जिन्याभोवती खोल्या रचण्याची वहिवाट फार जुनी आहे. एडवर्ड हार्कनेस या दात्याच्या देणगीतून १९३० साली हार्वर्डमध्ये आणि १९३३ साली येलमध्ये निवासगृहे उघडली, तेव्हा तीच रचना अमेरिकेने अंगीकारली. परंतु या कल्पनेचे मला सर्वांत उत्कट वाटणारे रूप आपल्या देशातच, अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत आहे. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने १९६२ साली लुई कान यांच्याकडे हे काम आले. १९७४ साली अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचे निधन झाल्यावर ते पुढे नेले अनंत राजे यांनी. कान यांनी वसतिगृहांतून बोळ अजिबात काढून टाकला. दहा-दहा खोल्यांचा एकेक समूह करून तो जिना आणि चहाचे दालन यांच्याभोवती त्यांनी अशा रीतीने बसविला, की आपल्या खोलीतून खाली उतरणाऱ्यास त्या दालनावरूनच जावे लागावे. विद्या केवळ वर्गात मिळत नसून जिन्याच्या तोंडाशी, चहाचा पेला हाती असता निघालेल्या वादातूनही ती मिळते, ही त्यांची श्रद्धा होती. खोल्यांना उन्हाची झळ लागू नये म्हणून बाहेरच्या अंगास खोल ओसऱ्या ठेवल्या, आणि त्यांच्या विटांच्या भिंतींना मोठमोठी वर्तुळाकार भगदाडे पाडली. एकांत आणि सहवास यांच्यामध्ये एकच उंबरठा असावा, आणि तो ओलांडणे न ओलांडणे विद्यार्थ्याच्या इच्छेवर असावे, हे तेथे विटांतून साधले आहे.

सहवासाच्या भरात एकांताकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत घडता घडता राहिले. चार्ली मंगर या धनाढ्य गुंतवणूकदाराने वीस कोटी डॉलरची देणगी देऊ केली, ती इमारत आपल्या आराखड्याप्रमाणेच बांधली जावी या अटीवर. अकरा मजले, साडेचार हजार विद्यार्थी, आठ-आठ जणांचे गाळे, प्रत्येकास स्वतंत्र शयनखोली. मात्र त्यांपैकी शेकडा ९४ खोल्यांना खिडकीच नाही, तिच्या जागी कृत्रिम प्रकाशाचा झरोका. निजण्याची खोली लहान व अंधारी असली म्हणजे मुले आपोआप बैठकीत येतील, हा त्यामागील तर्क. विद्यापीठाच्या सल्लागार समितीवर असलेले वास्तुशिल्पी डेनिस मॅकफॅडन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये निषेधार्थ राजीनामा दिला, आणि त्यांनी तो दिला हे फार योग्य केले असे मी समजतो. कारण माणसाने बाहेर यावे म्हणून त्याच्या खोलीतला दिवसाचा उजेड काढून घेणे हे आमंत्रण नसून सक्ती आहे. २०२३ साली विद्यापीठाने तो बेत सोडून दिला. मंगर यांच्याच देणगीतून मिशिगन विद्यापीठात २०१५ साली उघडलेले पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे निवासगृह मात्र आजही नांदते आहे. सहा-सात जणांच्या तेथील गाळ्यांमधील प्रशस्त स्वयंपाकघराची आणि एकत्र जेवणाच्या मेजाची रहिवासी मनापासून वाखाणणी करतात, आणि बाहेर उजाडले आहे की नाही हे अंथरुणातून कळत नाही, अशी तक्रारही तेच करतात.