शेवटचा दिवा मंद का?

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तिथे पोरांची नजर गाडीवर असते. माझी सिग्नलवर आणि चिमुकल्या दिव्यांवर खिळते. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. पण श्रोतेहो, या दिव्यांमागचे गणित कुणालाही समजावे इतके सोपे आहे. मुलांना घेऊन प्लायवूडवर एखादे जालना स्टेशन उभारायचे, तर वीज कशी वाटायची, तेवढेच आज सांगतो.

डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली. तिच्या डोक्यावरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. खेळण्यातल्या गाडीला साधारण १२ पुरतात. साध्या पद्धतीत ही वीज रुळांतून इंजिनाला मिळते आणि ती कमी-जास्त केली की वेग कमी-जास्त होतो. म्हणून पहिला नियम असा, की रुळांची वीज वेगळी, दिव्यांची वेगळी. दिवे रुळांना जोडले, तर गाडी थांबताच स्टेशन अंधारात बुडेल. नेमके प्रवासी उतरायच्या वेळी! रुळांचा सांधा बदलणाऱ्या यंत्रालाही क्षणभर मोठा हिसका लागतो. त्याचीही सोय वेगळी ठेवली, तर दिवे लुकलुकत नाहीत.

दिव्यांसाठी १२ व्होल्टचा बंद डब्यातला तयार अडॅप्टर घ्यावा. घरातले २३० व्होल्ट त्या डब्यापाशीच थांबले पाहिजेत. मुलांचे हात पाटाखाली जाणार आहेत, हे विसरू नये.

आता वाटपाकडे येऊ. ईद असो की गणपती, जुन्या माळेत एक बल्ब गेला की रांगच्या रांग विझायची, कारण वीज एका बल्बातून दुसऱ्यात जायची. स्टेशनावर तसे नको. पाटाखालून दोन जाड तारा टोकापर्यंत न्याव्यात, एक लाल, एक काळी. प्रत्येक दिव्याने या जोडीवरून आपापली बारीक तार घ्यावी. मग एक गेला तरी बाकीचे जळत राहतात.

तारा जाड कशाला? आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर शेपटाकडच्या शेताला पाणी किती पोचते, हे त्याला ठाऊक असते. लाइनीच्या टोकावरची मोटार का गुरगुरते, तेही. तारही वाटेत थोडी वीज खाते, आणि बारीक तार जास्त खाते. समजा, शाळेच्या प्रदर्शनातला पाट १० मीटर लांब आहे आणि टोकाला २ अँपिअर लागतात. वीज जाऊन परत येते, म्हणजे तार झाली २० मीटर. अर्ध्या एमएमच्या तारेत सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच जिरतात. अडीच एमएमच्या तारेत पाव व्होल्टाच्या आसपास. एवढ्या फरकाने जुन्या पद्धतीच्या तारेच्या बल्बचा उजेड एक तृतीयांशाने उतरतो. दोष बल्बचा नसतो, पण बदलला जातो तोच. अडॅप्टर पाटाच्या मधोमध ठेवला, तरी अंतर निम्मे होते.

एलईडी वापरणार असाल, तर प्रत्येकाच्या वाटेत एक रेझिस्टर हवाच. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. उरलेले ९ अडवायला १ हजार ओहमचा रेझिस्टर लावला, की त्यातून ९ मिलिअँपिअर जातात. चिमुकल्या स्टेशनाला एवढा उजेड भरपूर झाला. असे १०० दिवे मिळून १ अँपिअरही होत नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. १२ व्होल्टचा झटका जाणवत नाही, म्हणून माणसे निर्धास्त राहतात. पण लाल-काळी तार एकमेकींना चिकटली, तर अडॅप्टरची सगळी ताकद त्या बारीक तारेतून धावते. तार तापते, वरचे प्लास्टिक वितळते, आणि खाली लाकूड असते. म्हणून स्टेशन, गाव, सिग्नल अशा शाखा पाडून प्रत्येकीला तारेच्या ताकदीपेक्षा कमी अँपिअरचा फ्यूज लावावा. कोणती तार कुठे जाते, त्याच्या चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घ्याव्यात. आणि रात्री झोपण्याआधी अडॅप्टर भिंतीवरून काढायची जबाबदारी घरातल्या एका मोठ्या माणसाने घ्यावी.