औषधाचा नेम आणि संसर्गाची धास्ती

एचआयव्हीबाधित व्यक्तीने विषाणूरोधक गोळ्या रोज नेमाने घेतल्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण दर मिलिलिटरला 200 प्रतींखाली टिकून राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही, ही गोष्ट आता केवळ दिलाशाची उरली नसून प्रयोगसिद्ध झाली आहे. आणि ज्या ‘एचपीटीएन 052’ अभ्यासाने 2011 साली, वेळीच सुरू केलेल्या उपचाराने जोडीदारास होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, असा निर्वाळा दिला, त्यातील 1,763 जोडप्यांत पुण्याची जोडपीही होती, याचे स्मरण आपल्याकडे क्वचितच कोणास असते.

हे अभय अर्थातच सशर्त आहे. विषाणू इतका दबण्यास सहा महिनेही लागतात. गोळ्या सुटल्या, की पेशींत दडून बसलेला तो काही आठवड्यांतच पुन्हा उसळतो, आणि धरसोड चालू राहिल्यास औषधास न जुमानणारा होऊ शकतो. सरकारी एआरटी केंद्रांत 2004 पासून औषध विनामूल्य मिळते खरे, परंतु ते आणण्यापायी बुडणारी रोजंदारी कोणत्याही दफ्तरात नमूद होत नाही. सामायिक सुई आणि स्तनपान यांना मात्र वरील हमी तितक्या निःशंकपणे लागू करता येत नाही.