खुनाच्या फायली आणि रक्ताचा थेंब

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाहून भामरागड अगदी जवळ. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात. पलीकडचा काठ बस्तरचा. त्या बस्तरात माणूस माणसाला का मारतो, याचा शोध मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी घेतला. शंभर खुनांच्या खटल्यांवर उभं राहिलेलं त्यांचं ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ १९४३ साली आलं.

कोर्टाचे कागद वाचून ते थांबले नाहीत. खून झालेली गावं पाहिली, जगदलपूरच्या तुरुंगात कैद्यांना भेटले. दिसलं ते असं: दारूच्या भरात उचललेली कुऱ्हाड, बायकोवरचा संशय, घरातली भांडणं आणि करणीची भीती. सराईत गुन्हेगार त्यांत क्वचितच. हा अभ्यास दक्षिण बस्तरच्या मारिया आदिवासींचा; तो भामरागडच्या माडिया आदिवासींवर जसाच्या तसा लादणं अन्यायाचं होईल. शेजारच्या मुरियांतही खून एल्विन यांना बरेच कमी आढळले होते.

करणीचा धागा मात्र नदीच्या दोन्ही काठांवर आहे. लेकराला ताप भरतो, हुडहुडी सुटते, शुद्ध हरपते आणि रात्रीत ते जातं. मेंदूचा मलेरिया असाच मारतो. मग ‘कोणी केलं?’ हा प्रश्न उठतो, आणि बोट बहुधा एखाद्या दुबळ्या, एकट्या माणसाकडे वळतं. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात मलेरियाचे रोगी येत राहिले. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब, काचपट्टी, सूक्ष्मदर्शक. तापाला नाव मिळालं की संशयाला जागा कमी उरते. गुन्हा रोखण्याचाच हा एक मार्ग म्हणायचा, जरी त्याची नोंद कुठल्या ठाण्यात होत नसली तरी.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. तरीही मे २०२४ मध्ये शेजारच्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाड्यात, जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जाळण्यात आलं.

आणि आरोपीचं काय? तो बोलतो माडिया, खटला चालतो मराठीत. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे निकालाची वाट पाहणारे. माडिया समाजातून लालसू नोगोटींसारखे वकील पुढे आले, तेव्हा कुठे आपली बाजू आपल्या भाषेत ऐकणारं कुणी मिळालं. बाकीचं अंतर आहेच. नागपूरच्या कारागृहात भेटीला निघालेल्या नातेवाइकाला हेमलकशाहून नुसतं आलापल्ली गाठायलाच साठेक किलोमीटर जंगल पार करावं लागतं.