तिकीट फाडणारे, दात पाडणारे!

बॉक्सिंगच्या धंद्याचा फॉर्म्युला माहीत आहे का? पोस्टरवर म्हातारा, रिंगमध्ये तरणा! जुन्या नावावर स्टेडियम भरतं आणि त्याच गर्दीसमोर नवा गडी रातोरात स्टार होतो. फक्त जोड लावणाऱ्याला नजर हवी.

ती चुकली की काय होतं? २ ऑक्टोबर १९८०, लास व्हेगास. मुहम्मद अली, वय ३८. समोर लॅरी होम्स, एकेकाळी अलीचाच स्पॅरिंग पार्टनर! दहा राऊंड मार खाल्ल्यावर अलीच्या कोपऱ्यातल्या टीमनं लढत थांबवली. जिंकलेला होम्स रडला. ही जोड लावायलाच नको होती. कितीही तिकिटं खपोत!

आता चक्र बघा. १९८८ साली होम्स स्वतः ३८ वर्षांचा आणि समोर २१ वर्षांचा माइक टायसन. चौथ्याच राऊंडमध्ये खेळ खल्लास! प्रेक्षकांत कोण? साक्षात अली.

पुढचा नंबर टायसनचा. नोव्हेंबर २०२४, टेक्सास. टायसन ५८, समोर यूट्यूबर-बॉक्सर जेक पॉल २७! राऊंड फक्त दोन-दोन मिनिटांचे. पॉल गुणांवर जिंकला. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार ६ कोटी घरांत ही लढत लाइव्ह पाहिली गेली. आणि पॉलचा वाढदिवस कधी, माहीत आहे का? १७ जानेवारी. अलीचाही तोच!

म्हातारे नेहमी हरतातच असं नाही हं. १९७४ मध्ये अलीकडून हरलेला जॉर्ज फोरमन १९९४ मध्ये तीच लाल चड्डी घालून उतरला. वय ४५, समोरचा चॅम्पियन मायकल मूरर २६ चा. दहाव्या राऊंडला मूरर आडवा, फोरमन जगज्जेता! कोपऱ्यात कोच कोण? अँजेलो डंडी, जो १९७४ मध्ये अलीच्या कोपऱ्यात होता. काय टीम-बदल, राव!

सगळ्यात म्हातारा जगज्जेता होण्याचा फोरमनचा विक्रम मोडला बर्नार्ड हॉपकिन्सनं, २०११ मध्ये. वय ४६. गडी मधल्या ब्रेकमध्ये चक्क पुश-अप्स मारत होता!

आता उलट टोक, तेही बॉक्सिंगबाहेर, यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या कंपनीत. राऊल रोसास ज्युनियर. यूएफसीचा करार मिळाला तेव्हा वय १७! आपल्याकडे या वयात पोरं बारावीच्या क्लासला जातात. यूएफसीची सोय भारी आहे: ‘कंटेंडर सिरीज’मध्ये एक फाइट खेळा, बॉस डेना व्हाइटला आवडलात तर करार पक्का. नवं रक्त, तेही ऑडिशन घेऊन.

मला मात्र सगळ्यात आवडते ती अंडरकार्डची आयडिया, म्हणजे मुख्य लढतीआधीच्या लढती. टायसन-पॉलच्या रात्री लोक आले टायसनसाठी, पण त्याच कार्डावर हरियाणाचा नीरज गोयत ब्राझीलच्या विंडरसन नुनेसला हरवून गेला. आणि केटी टेलर-अमांडा सेरानो ही लढत तर इतकी रंगली, की २०२५ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघी पुन्हा भिडल्या. या वेळी मेन इव्हेंट त्यांचाच, आणि अख्ख्या कार्डावर फक्त बायका!