कोड आटोपशीर झाला, पण हातचा कुठे गेला?

रिफॅक्टरिंग म्हणजे कोडची मांडणी बदलायची, वागणं नाही. समजा, घनसावंगीत बसून तुम्ही ८०८५ प्रोसेसरच्या ओपन सोर्स इम्युलेटरमधला असा बदल तपासताय.

'एडीआय' दिलेला आकडा मिळवते, 'आयएनआर' एक वाढवते. दोन्ही बेरीजच, म्हणून कुणीतरी दोघींना एकच फंक्शन दिलं. दिसायला छान! पण २५५ मध्ये एडीआयने १ मिळवला, की उत्तर ० आणि कॅरी फ्लॅग १. आयएनआरनंही उत्तर ०च येतं, पण ती कॅरीला हात लावत नाही. एक कमी करणारी 'डीसीआर'सुद्धा नाही.

मोठी बेरीज बाइट-बाइट करताना हातचा कॅरीत असतो आणि फेऱ्या डीसीआर मोजते. तिनं कॅरी बदलला, की बेरीज चुकली. आणि विद्यार्थी बिचारा स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसणार.

म्हणून जुना-नवा कोड सगळ्या २५६ किमतींवर, कॅरी ० आणि १ धरून, म्हणजे ५१२ वेळा चालवा. उत्तर फ्लॅगसकट जुळलं पाहिजे. आणि मांडणी व दुरुस्ती एकाच पॅचमध्ये आली, तर वेगळी करून मागा. नाहीतर काय कशामुळे बदललं, ते कळणारच नाही.