रिक्षाचं भाडं बरोबर लागलं का? रेषेच्या समीकरणानं असं तपासा

मुंबईत मीटरच्या रिक्षानं ६ किलोमीटर गेलात, तर भाडं किती व्हायला हवं? १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार किमान भाडं २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये. अनेक जण पटकन ६ गुणिले १७.१४ करतात, त्यात २६ मिळवतात आणि उत्तर काढतात १२८ रुपये ८४ पैसे. कुणी १३० मागितले तर हिशेब जुळला असंच वाटतं. पण खरं भाडं आहे १०३ रुपये.

चूक कुठे झाली? २६ रुपयांत पहिला दीड किलोमीटर आधीच धरलेला असतो. वरच्या हिशेबात त्याचे पैसे दोनदा मोजले गेले.

समीकरण कसं मांडायचं?

दहावीच्या निर्देशक भूमितीत रेषेचा 'चढ' शिकलेला आठवतोय? एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा काढता येतात, पण चढ ठरला की एकच रेषा उरते. इथे बिंदू आहे (१.५, २६), म्हणजे दीड किलोमीटरला २६ रुपये. चढ आहे १७.१४, म्हणजे अंतर एक किलोमीटरनं वाढलं की भाडं तेवढं वाढतं. म्हणून,

भाडं − २६ = १७.१४ × (अंतर − १.५)

सगळी मेख कंसातल्या वजाबाकीत आहे. परीक्षेतही मार्क इथेच जातात. आता ६ किलोमीटर घालून पाहा: ४.५ × १७.१४ = ७७.१३, अधिक २६, म्हणजे १०३.१३.

उलटंही चालतं. १५० रुपये झाले असतील तर त्यातून २६ वजा करा, उरलेल्या १२४ ला १७.१४ नं भागा आणि १.५ मिळवा. अंतर येतं सुमारे ८.७३ किलोमीटर. मोबाइलवरच्या नकाशाशी ताडून पाहा.

ही रेषा दीड किलोमीटरनंतरच लागू होते. अर्धा किलोमीटर गेलात तरी २६ रुपयेच. थांबल्याचे पैसे वेगळे आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत २५ टक्के जास्त.

सोपी युक्ती

१७.१४ ला दीडनं गुणलं तर २५.७१ येतात. तेच पूर्ण रुपयात २६. म्हणजे ही रेषा जवळजवळ शून्यातूनच निघते! त्यामुळे दीड किलोमीटरच्या पुढे अंतराला थेट १७.१४ नं गुणा, २६ मिळवूच नका. फरक पडेल फक्त २९ पैशांचा. इंजिनिअरिंग करूनही हे माझ्या लक्षात आलं ते हा लेख लिहिताना.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीलाही हेच लागू. तिथे बिंदू (१.५, ३१) आणि चढ २०.६६, म्हणजे ८ किलोमीटरचे १६५ रुपये. दर बदलले की समीकरणात नवा बिंदू आणि नवा चढ घाला.